रुळाला लावलेलं तेल

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीतही कळलं नव्हतं. पुढं शाळाच सुटली. ही वही कुणी वाचायची नाही, पण कुणाच्या हाती लागलीच तर चुका पोटात घालाव्यात. फिटरकाकांबद्दल एकदा लिहून ठेवायचं आहे.

काही बिघडलं की फिटरकाका आधी त्याला कान लावायचे. मिक्सर असो, पंखा असो, नळ असो. मी मध्ये बोलले की म्हणायचे, "गप. त्याला बोलू दे." त्यांची सगळी नोकरी रेल्वेच्या शेडमध्ये इंजिनं दुरुस्त करण्यात गेली. बायको वारलेली, मुलगी पुण्यात. इकडं आमच्या शहरातल्या भवानी पेठेत त्यांच्या दोन खोल्यांत मी नऊ वर्षं स्वयंपाक आणि धुणीभांडी केली. माझ्या घरी मी एकटीच. दिवसभरात माझ्याशी चार वाक्यं बोलणारं माणूस म्हणजे काकाच.

बाहेरच्या खोलीत एका मोठ्या फळीवर त्यांनी छोट्या रेल्वेचे रूळ गोल मांडले होते. त्यावर विजेवर चालणारं वीतभर काळं इंजिन. त्याला खेळणं म्हटलेलं त्यांना खपत नसे. सकाळी चहा झाला की गाडी दोन फेऱ्या मारायची, मगच त्यांचा दिवस सुरू. रूळ आणि चाकं पुसायचं काम माझ्याकडं होतं. "वीज रुळातनं चाकात जाते. दोन्ही कोरडं पायजे," असं सांगून त्यांनी स्पिरिटची बाटली माझ्या हवाली केली होती.

इंजिन अडलं तर त्यांची रीत ठरलेली. आधी रूळ आणि चाकं, मग वायरी, अगदी शेवटी मोटार. "पोट फाडायची घाई करू नये, सुमन. निम्मे आजार पायातच असत्यात."

खंडेनवमीला शेडमध्ये इंजिनांना हार घालायचे, हे ते दरवर्षी सांगायचे आणि सांगताना त्यांचा आवाज ओला व्हायचा. दोन वर्षांपूर्वी त्या दिवशी ते पेन्शनसाठी बँकेत गेले होते. आमच्या गावी, मंद्रूपला, वडील खंडेनवमीला विळा-खुरपं धुऊन, तेलाचा हात फिरवून हळदकुंकू लावायचे. मी तसंच केलं. रुळांवर, चाकांवर खोबरेल तेलाचं बोट फिरवलं, इंजिनाला कुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. काका आले आणि दारातच थांबले. "शेडच घरी आणलीस की गं!" म्हणाले. मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी इंजिन जागचं हललं नाही.

काकांनी कान लावला. "गुणगुणतबी न्हाय." मग म्हणाले, "रूळ-चाकं सुमन पुसते. तिकडं बघायचं कारणच न्हाय."

मला तेव्हाच कळलं. पण मी सांगितलं नाही. इतका भरवसा आजवर माझ्यावर कुणी टाकला नव्हता, तो जाईल असं वाटलं. गुपचूप पुसून टाकावं तर शेडचा नियम आडवा आला: बिघाड सापडेपर्यंत कशाला हात लावायचा नाही. काका फळीशेजारीच बसून असायचे. छोटा बल्ब लावून त्यांनी एकेक वायर तपासली. सहाव्या दिवशी मोटार जळली असं ठरवून पुण्याहून नवी मागवली. अठराशे रुपये. ती बसवली, बटण फिरवलं. काही नाही.

त्याच दुपारी मुलीचा फोन आला. ती रोजच म्हणायची, एकटे राहू नका. काका तिला म्हणाले, "तुझं खरं हाय, बाळा. माझं डोकं चालंना झालंय. येतो मी तिकडं."

मग मात्र मला राहवलं नाही. पोळपाट तसाच टाकून मी बाहेर आले. "काका, रुळाला म्या त्याल लावलंय. चाकांनाबी."

"कधी?"

"खंडेनवमीला."

त्यांनी स्पिरिटची बाटली पुढं केली. "पूस."

मी पुसलं आणि इंजिन धावलं. जुनी मोटारही त्यांनी वायरी जोडून हातात धरली, तर ती गरगर फिरली. काका हसले, पण लगेच थांबले. "तेल लावलंस ते ठीक. पण इतकं दिस मला माझ्याच डोक्यावर संशय घेऊ दिलास."

"मोटारीचं पैसं मी देते."

मला वाटलं, राहू दे म्हणतील. "दे की," म्हणाले. "महिन्याला शंभर. पण पगारातनं कापणार न्हाय, हातात आणून द्यायचं."

काकांनी पुण्याला जायचं रद्द केलं, आणि सात महिने मी पहिल्या तारखेला शंभराची नोट त्यांच्या हातात दिली. मग जिन्यावरून त्यांचा पाय घसरला, आणि मुलगी त्यांना घेऊनच गेली. इंजिन पेटीत गेलं. त्यानंतर मी दर महिन्याला कोपऱ्यावरच्या दुकानदाराला शंभर द्यायची, तो मोबाईलवरून काकांना पाठवायचा. मग मी फोन लावायची.

"काका, पोचलं का?"

"पोचलं. जेवलीस का?"

एवढंच, पण तेवढ्यावर माझा महिना निघायचा. काही कारण नसताना फोन करायची माझी छाती नव्हती.

शेवटचे शंभर उरले, तेव्हा मी पाठवलेच नाहीत. दहा तारीख गेली, पंधरा गेली. सोळाव्या दिवशी काकांनीच फोन केला. स्वतःहून केलेला तेवढा एकच.

"सुमन, या महिन्याचं आलं न्हाय. बरी हायस न्हवं?"

"व्हय, काका. इसरलं."

"तू इसरायची न्हाईस," म्हणाले. बराच वेळ दोघांनीही फोन ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात जाऊन शंभर रुपये पाठवले. अठराशे पूर्ण फिटले.