वायरलेसचा फाटका आवाज

पाचूबंदरला मच्छीमारांच्या वायरलेसवर मी बसायचो. सातवीत शाळा सुटली होती. परभणीहून आलेल्या मला कुणी हे काम दिलं, याचे उपकार आजही वाटतात. त्या दुपारी वारा फिरला. होड्यांना परत बोलवायचं होतं, पण घाबरून मी जितका ओरडे तितका आवाज फाटे. "कलत नाय रं!" एवढंच एका होडीचा तांडेल दर्यावरून म्हणे.

निरोप धाडल्यावर सेटचा दुरुस्तीवाला विरारहून सायकलवर आला. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. डोळे जागरणाने सुजलेले. सेट उघडून तो पुटपुटला, "आवाज लांब जावा म्हणून कुणीतरी पॉवर ताणून ठेवलीय. झेपेल तेवढंच मागावं बाबा, यंत्र झालं तरी."

पॉवर उतरवून त्याने दुसरा छोटा सेट कानाशी धरला. "आता बोल. हळू. घरचं काहीही."

मी आईच्या गुडघेदुखीचं सांगू लागलो. तो डोळे मिटून स्क्रू फिरवत राहिला. मध्येच तांडेल खेकसला, "आईचं कललं रं! आता कामाचं बोल!"

मी वाऱ्याचं सांगितलं. त्याची होडी माघारी फिरली. वळून बघतो तर दुरुस्तीवाला भिंतीला टेकून झोपलेला. त्याची झोप मोडू नये म्हणून बाकीच्या होड्यांशी मी आणखी हळू बोललो. सगळ्यांना ऐकू गेलं.