फरकांड्याचा मनोरा कोणी हलवला?

सर्व वाचकांनी कृपया उभे राहावे. अत्यंत गंभीर निवेदन आहे — भुताखेतांवर, चमत्कारांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता आणि नाही. हं, बसा आता.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचा उन्हाळा. बायकोचे काका, असोद्याचे नाना, जो पाहुणा येईल त्याला एसटीत कोंबून सगळा मुलूख दाखवायचे. पद्मालयाचा गणपती झाला, एरंडोलचा पांडववाडा झाला... माझ्या पायांचे भरीत झाले होते. शेवटी फरकांडे. तिथल्या जुन्या मशिदीचे झुलते मनोरे — तेव्हा दोन्ही उभे होते. एक हलवला की समोरचा हलतो, अशी ख्याती. पण अलीकडे नानांच्या एकाही पाहुण्याला काही जाणवले नव्हते, आणि गावात लोक चिडवायचे, "नाना, मनोरे नाही, तुमचं डोकं हालते!"

"आज नाही हालला तं पाहुणे फिरवनं बंद," नाना मला म्हणाले. "गावात तोंड दाखवाले जागा नाही राह्यली."

खरे सांगतो, तो हलू नये अशी मी मनोमन प्रार्थना केली.

नाना समोरच्या मनोऱ्यात चढले, मी अलीकडच्या. बायको खाली लिंबाच्या सावलीत. वर जाऊन मी भिंतीला रेटा द्यायचा, असे ठरलेले. पण अर्ध्या जिन्यातच दम संपला. एका माणसापुरता अंधारा जिना. पायरीवर बसलो, भिंतीला टेकलो. म्हटले, जरा श्वास घेऊ, मग हलवू...

आणि पाठीमागची भिंत सावकाश पुढे आली. मागे गेली. परत आली... झोपलेल्या बैलाची कूस श्वासाबरोबर हलते ना, तशी.

समोरून नानांची आरोळी — "हालला! हालला हो! रेटा जवाईबापू!"

मी हातसुद्धा लावला नव्हता! वारा म्हणाल तर लिंबाचे पान हलत नव्हते, बायको साक्षीला. वर कोणी असेल म्हणून धडपडत गेलो, तर पारवासुद्धा नाही. नानांनी हलवला म्हणावे, तर वरून दिसले, ते दोन्ही हातांनी खिडकी धरून बसलेले. पुढे इंजिनिअर मित्रांनी बऱ्याच आकृत्या काढून दाखवल्या. पण पहिला धक्का कोणाचा, हे ना त्यांना सांगता आले, ना आजवर मला.

खाली आलो. नाना आनंदाने नाचत होते. सांगावे की नको... सांगून टाकले.

"नाना, मी हलवलाच नाही. मी जिन्यात बसलो होतो."

बायकोचा चेहरा पांढराफटक. नानांनी माझ्याकडे पाहिले, मनोऱ्याकडे पाहिले, आणि मोठ्यांदा म्हणाले,

"मंग तं आजूकच चांगलं! तुमच्यावर मले भरोसा नव्हताच!"