आजीव सभासदाचं रान

सांगलीत विश्रामबागेत माझं औषधांचं दुकान आहे. दुपारी दोन ते चार आमच्याकडे बाजार झोपतो. मीही शटर अर्धं ओढते, पण झोपत नाही. आतल्या खोलीत लॅपटॉप उघडते, हातात कुऱ्हाड घेते आणि जंगलात जाते. कॉलेजच्या काही पोरांना हे कळलंय. खोकल्याचं औषध घेता घेता ती हळूच विचारतात, "मॅडम, आमच्या गेमची लाइफटाइम वर्गणी निघालीय. एकदा पैसे भरायचे की जन्मभर खेळायचं. घ्यावी का?"

मी सरळ उलट विचारते, "त्या खेळाचा कंटाळा आलाय का तुला?"

पोरगं म्हणतं, "छे, गेल्याच महिन्यात सुरू केलाय. भारी आहे."

"मग घेऊ नको. नव्याचे नऊ दिवस असतात. कंटाळा येऊनही ज्या दिवशी उघडशील, त्या दिवशी ये."

हे मी छातीठोकपणे सांगते, कारण असले खेळ मी लग्नाआधीपासून खेळत आले आहे. लाखो माणसं एकाच वेळी एका जगात शिरतात, प्रत्येकजण तिथं कुणीतरी वेगळाच होतो, कुणी राक्षस मारतं, कुणी तलवारी घडवतं. मी किती जगं पाहिली आणि किती ओस पडली याचा हिशेब ठेवला नाही. कंपनी जन्मभराची वर्गणी काढते तेव्हा तिला रोख पैसा हवा असतो, एवढं कळायला माझ्याइतकी वर्षं दुकानात बसावं लागत नाही. तरीही मी एका खेळाची आजीव वर्गणी घेतली. खरं तर मी नाही घेतली, माझ्या वडिलांनी घेतली. आणि ती घेण्यासारखी होती का, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

आमचं गाव कोरेगावच्या पलीकडे. आबा फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि उसात उतरले. आई गेल्यानंतरच्या वर्षी ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे येऊन राहिले. एका डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून दुपारी माझ्यामागं खुर्ची टाकून बसायचे. मी लढत असले की मागून हुकूम सुटायचा, "डावीकडं बघ, झाडीत कोणतरी हाय." आणि खरंच असायचं. चार दिवसांनी म्हणाले, "तुझं हे सगळं उघड्यावर पळायचं काम हाय गं. मागं कुणी नगं व्हय?"

गावी जाताना माझा जुना लॅपटॉप घेऊन गेले. स्वतःचा गडी तयार करताना त्यांनी दोन दुपारी निव्वळ मिशा निवडण्यात घालवल्या. गडी उभा राहिला तो आडवातिडवा, टक्कल पडलेला, हातात घण घेतलेला आणि मिशा अशा की शत्रूनं लांबूनच नमस्कार करावा.

तेव्हापासून दुपारी आम्ही दोघं त्या जगात भेटायला लागलो. फोनवर आमचं कधी जमलंच नाही. "जेवलीस का?" "जेवले. तुमी?" "जेवलो." की संपलं. खेळात मात्र तोंडाला लावलेल्या माइकवरून आबा अखंड बोलायचे. आईनं रागानं तीन दिवस अबोला धरला होता तो किस्सा मी पहिल्यांदा ऐकला, तेव्हा आम्ही दोघं एका दलदलीत बेडकाएवढे डास मारत होतो. मध्येच ते म्हणायचे, "थांब, मोटरीची लाइट आली," आणि त्यांचा मिशाळ गडी वाटेत तसाच पुतळ्यासारखा उभा राहायचा. मी त्याच्याभोवती पहारा द्यायची. शेताला पाणी सोडून आले की आबा म्हणायचे, "रिपोर्ट?" मी म्हणायचे, "सगळं ठीक, साहेब."

त्या जगात वर्गणीदाराला जमिनीचा तुकडा मिळतो. मी माझा कधी मागितलाच नव्हता. आबांनी मात्र नदीच्या वळणावरचा निवडला. राक्षसांपेक्षा त्यांचा जीव त्या रानातच जास्त रमला. तिथं ते कसलीशी निळी भाजी पिकवायचे. कुंपण घातलं, विहीर बांधली, बांधावर झाडं लावली. वर्गणी थकली की मात्र कंपनी ती जमीन काढून दुसऱ्याला देते. आणि आबांची वर्गणी महिन्याची होती. महिनाअखेर आली की त्यांचं ठरलेलं वाक्य असायचं, "बंद करतो आता. म्हातारपणी कशाला ही थेरं?" ते सहज म्हणायचे, पण मी दर वेळी घाईनं विषय बदलायची. ते बंद झालं तर आम्ही परत "जेवलीस का"वर येणार होतो, हे मला स्वच्छ दिसत होतं.

एकदा त्यांचं बँकेचं कार्ड मुदत संपून बंद पडलं, वर्गणी गेली नाही आणि रानावर जप्तीची पाटी लागली. आबांनी भर सकाळी, दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी असताना फोन केला. "आगं, रान चाललंय आपलं!" समोर उभ्या असलेल्या बाई घाबरून म्हणाल्या, "काय झालं हो, सरकारनं घेतली का जमीन?" मी त्यांना गोळ्या देता देता एका हातानं वर्गणी भरली.

त्याच दिवशी मी ठरवलं, आबांसाठी आजीव वर्गणी घ्यायची. खेळाच्या वाढदिवसाची सवलत चालू होती. महिनाअखेरची ती कटकट एकदाची मिटणार होती. धाकट्या भावाला सांगितलं तर तो फोनवर हसतच सुटला. "आक्के, आबा सत्तरीला टेकले. लाइफटाइम कसली घेतीस? एवढं मोठं दुकान चालवतीस आणि हिशेब येत न्हाई व्हय तुला?"

"मला हिशेब शिकवू नगं," मी म्हटलं. "माझा बाप शंभरी गाठणार हाय."

पण खरा अडसर आबांनीच घातला. आमच्याकडं आजीव म्हटलं की माणसाला साखर कारखान्याचा शेअर आठवतो. शेअर असला की माणूस सभासद. सभासदाला दिवाळीला स्वस्तात साखर, सभासदाच्या उसाला आधी तोड, सभासद वार्षिक सभेत मांडवात उभा राहून चेअरमनला चार शब्द सुनावू शकतो. बिगरसभासदाचा ऊस तुरे येईपर्यंत रानात उभा. आणि मुख्य म्हणजे सभासद गेला की शेअर वारसाच्या नावावर चढतो. म्हणून आबांनी पहिला प्रश्न विचारला, "वारस नोंद कुठं करायची?"

मी म्हटलं, "आवं आबा, खेळाला कसली वारस नोंद?"

"कंपनीला इचार."

त्यांच्या हट्टापायी मी खरंच कंपनीला लिहून विचारलं. कंपनीनं गोड शब्दांत कळवलं की वर्गणी त्या माणसापुरती, ती कुणाला देता येत नाही, आणि माणसाबरोबर जमीनही जाते. सभासद हयात असताना मात्र जमीन दुसऱ्या खेळाडूला देता येते.

आबा चिडले. "ह्यो कसला सभासद मग? आज हाय, उद्या न्हाई." त्यांच्या घणवाल्या गड्यानं विहिरीभोवती एक फेरी मारली. मग ते म्हणाले, "ऊस लावताना बेणं कोवळं घेत्यात. जून कांडी उगवत न्हाई. वर्गणी तुझ्या नावावर घ्यायची. पैसं मी देणार. रान पण तुझ्या नावावर करतो."

मी साफ नकार दिला. तुम्हीच तर गावभर सांगत फिरता, भरलं ताट द्यावं पण बसायचा पाट देऊ नये. आणि आता स्वतःचा पाट उचलून देताय? पुन्हा मला काय करायचंय त्या निळ्या भाजीचं? वर्गणी तुमच्यासाठी घ्यायची म्हणून मी एवढा खटाटोप केला. असं बरंच बोलले. मी बोलायला लागले की माझा नवरासुद्धा उठून गॅलरीत जातो, पण आबा फौजी. त्यांनी माझी सगळी फैर संपू दिली.

मग म्हणाले, "मागल्या दिवाळीला तू फोन करून इचारलंस, येऊ का म्हून."



हे सांगायला हवं. गावाकडचं उसाचं रान आईच्या नावावर होतं, कारखान्याचा शेअरही तिच्याच नावावर. ती गेल्यावर वारस आम्ही तिघं, आबा, मी आणि भाऊ. आमच्यात रीत अशी की लेकीनं हक्कसोड द्यायचं, म्हणजे माझा वाटा मला नको असं सरकारदरबारी लिहून द्यायचं. मी दिलं. आबांनीही दिलं. भावाच्या नावावर सगळं झालं. कुणी जबरदस्ती केली नाही. भाऊ चांगला आहे, रान तोच कसतो, त्याच्याबद्दल माझी कसलीही तक्रार नाही. सही करून बाहेर आलो तेव्हा त्यानं सगळ्यांना उसाचा रस पाजला आणि मी तो हसत प्यायले.

पण त्यानंतर काहीतरी बदललं. आधी मी एसटीतून उतरून, चप्पल कुठंही भिरकावून थेट चुलीपाशी जायची आणि भांड्यावरचं झाकण काढून बघायची. आता मी आधी फोन करायला लागले. "येऊ का? घरी आहात ना?" भावजय म्हणायची, "असं काय इचारताय ताई, तुमचंच घर हाय की." घर तुमचंच आहे असं सांगावं लागतं तेव्हा ते आपलं राहिलेलं नसतं. मला वाईट वाटायचं, फार वाईट वाटायचं. पण हे मी नवऱ्यालाही बोलले नव्हते. आणि आबांनी, अर्ध्या नजरेच्या त्या माणसानं, झाडीतला शत्रू हेरावा तसं ते हेरलं होतं.

"तवा मी काय बोललो न्हाई," आबा माइकवरून म्हणाले. "रीत म्हून गप बसलो. आता ह्ये रान माझं मी केलंय. हितं तुझा भाऊ न्हाई का भावकी न्हाई. ह्ये तुझ्या नावावर."

"आणि कंपनी बुडाली तर?"

"कारखानं बुडत्यात, कंपनी बी बुडंल. बुडंस्तवर तुझं हाय."

मी हट्ट सोडला. वर्गणी माझ्या नावावर झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी आबांनी रानाचं हस्तांतर केलं. फाटकावरच्या पाटीवरचं त्यांच्या गड्याचं नाव पुसलं गेलं आणि माझं नाव उमटलं. आबांनी माइकवरून टाळ्या वाजवल्या आणि मोटर बंद करायला निघून गेले.

परत आले तर फाटक उघडेना. त्या खेळाचा नियम असा की मालक बदलला की जुन्या सगळ्या परवानग्या पुसल्या जातात. मालकानं नव्यानं परवानगी दिल्याशिवाय कुणी आत येऊ शकत नाही. हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. मी आत विहिरीपाशी होते. पाहते तर कुंपणाच्या पलीकडे तो मिशाळ गडी घण खांद्यावर टाकून चकरा मारतोय. उजवीकडून जाऊन बघतो, डावीकडून जाऊन बघतो, स्वतःच लावलेल्या झाडांमधून वाकून बघतो. मग फाटकासमोर येऊन ताठ उभा राहिला.

मी धास्तावले. वाटलं, आता यांना पाट दिल्याचा पश्चात्ताप होणार.

कानात आबांचा आवाज आला, आणि त्या आवाजात हसू मावत नव्हतं. "आवं मालकीणबाई, हाय का घरात कुणी? येऊ का आत?"

माझ्या डोळ्यांसमोरचं रान, विहीर, फाटक सगळं पाण्यात गेलं. सांगलीतल्या त्या कोंदट खोलीत, औषधांच्या खोक्यांमध्ये बसून मी हुंदके देऊन रडले. माइक चालू होता. आबा ऐकत होते आणि फाटकाबाहेर तसेच उभे होते.

पडद्यावर प्रश्न आला होता, या पाहुण्याला आत घ्यायचं का? खाली दोन पर्याय होते, आजच्यापुरतं आणि कायमचं. मी कायमचं दाबलं.

फाटक उघडलं. आबांचा गडी आत आला, सरळ वाफ्यापाशी गेला, आणि आबा ओरडले, "भाजी सुकली की गं! पाणी कुणी द्यायचं? रान नावावर झालं म्हून नुसतं बसून ऱ्हायचं असतंय व्हय?"

"देते, देते," मी डोळे पुसत म्हटलं आणि बादली उचलली.

आबांची वर्गणी अजून महिन्याचीच आहे. पण महिनाअखेरचं ते वाक्य त्यांनी त्या दिवसापासून टाकून दिलं. एकदा मीच मुद्दाम चिडवलं, "काय आबा, या महिन्याला बंद करणार होता नव्हं?"

"लेकीच्या घरी येणंजाणं ठेवावं लागतंय," ते म्हणाले. "बंद कसं करू?"

दिवाळीला मी गावी गेले. फोन केला नाही. एसटीतून उतरले, चप्पल भिरकावली आणि चुलीपाशी जाऊन भांड्यावरचं झाकण काढलं.