जिथून सामना दिसत नाही

दक्षिण कोरियातल्या मासान बंदराच्या बेसबॉल स्टेडियममधली सगळ्यात वाईट जागा डावीकडच्या टोकाला आहे. खाली बुलपेन, म्हणजे कुंपणाआडची अरुंद पट्टी, जिथे बदली फेकणारे मैदानात उतरण्याआधी हात मोकळा करतात. तिच्या बरोबर वर चार-पाच खुर्च्या. समोर दिव्याच्या खांबाचा जाडजूड बुंधा आडवा येतो, त्यामुळे होम प्लेट, म्हणजे चेंडू मारणारा उभा राहतो ती जागा, दिसतच नाही. चेंडू फेकलेला दिसतो, मारलेला दिसत नाही. लोक ओरडले की समजायचं, काहीतरी झालं.

मी तिथे बसायची ते नाइलाज म्हणून. बंदरावर माझी मासळीच्या रश्श्याची खानावळ आहे. दुपारची भांडी आवरून पोहोचेपर्यंत बाकीच्या खुर्च्या भरलेल्या असत. पण कु बोन-मान माझ्याही आधी येऊन तिथे बसलेले असायचे. स्टेडियम रिकामं असलं तरी तिथेच. साठी ओलांडलेला, काटकुळा माणूस. जहाजांची इंजिनं दुरुस्त करण्यात हयात गेलेली. करडं जाकीट, भुवयांपर्यंत ओढलेली टोपी, एका कानात रेडिओची वायर. दुसरा कान नेहमी मोकळा.

पहिले काही महिने आम्ही नुसती मान हलवायचो. मग मी सुका स्क्विड पुढे करायला लागले आणि ते त्यातला सगळ्यात लहान तुकडा उचलायला लागले. एकदा स्टेडियम निम्मं रिकामं असताना न राहवून मी म्हटलं, "दादा, एवढ्या खुर्च्या मोकळ्या पडल्यात. खांबाशी लग्न लागलंय का तुमचं?"

ते हसले नाहीत. म्हणाले, "इथून ऐकू येतं, ताई."

मला वाटलं रेडिओबद्दल बोलतायत.

खरी गोष्ट कळली ती धुक्याच्या दिवशी. समुद्रावरून असं दाट धुकं आत आलं की पंचांनी खेळ थांबवला. पाऊण तास काही दिसेना, म्हणून असेल कदाचित, बोन-मानदादा बोलते झाले. समोर बघतच बोलत होते.

खाली बुलपेनमध्ये पाठमोरा उकिडवा बसून चेंडू झेलणारा माणूस त्यांचा मुलगा होता. ताए-रिम.

मुलगा शाळेच्या संघात झेलायचा तेव्हा दादांची जागा ठरलेली असायची. होम प्लेटच्या मागे, जाळीला नाक लावून. तिथून ते सतत बोलत राहायचे. गुडघा खाली घे, कोपर आत घे, उजवा हात मागे घे. पोराला अशी सवय लागली की प्रत्येक चेंडूआधी तो मान वळवून जाळीकडे बघायचा. प्रशिक्षकांनी दादांना हात जोडून सांगितलं, जरा लांब बसा. दादा बसले नाहीत. आपल्याशिवाय पोराचं कसं होणार, असं त्यांना वाटे.

पुढे ताए-रिमला आमच्या संघानं घेतलं. दादांनी अख्ख्या गोदीला मटण खिलवलं. पण पोरगा दुय्यम संघाच्या वर काही चढला नाही आणि काही वर्षांनी त्याला मोकळं केलं. त्याच संघानं मग त्याला दुसरं काम देऊ केलं. बुलपेनमध्ये झेलायचं. खेळाडू म्हणून नाव नाही, सामन्यात कधी उतरायचं नाही, फक्त इतरांचे हात तापेपर्यंत त्यांचे चेंडू झेलायचे. ताए-रिमनं आनंदानं हो म्हटलं.

त्या वर्षी चुसोकच्या, सुगीच्या सणाला सगळे नातेवाईक जमले होते. भरल्या पानावर दादा त्याला म्हणाले, "दुसऱ्यांचे चेंडू झेलायला वाढवलं का तुला? हमालीच करायची होती तर माझ्याबरोबर गोदीत आला असतास."

ताए-रिमनं हातातल्या जेवणाच्या काड्या वाटीवर नीट जुळवून ठेवल्या. आवाज चढवला नाही. "बाबा, आता स्टेडियमवर येऊ नका. आणि यायचंच असेल तर मला दिसाल असं बसू नका."

त्यानंतर दहा-अकरा वर्षं दोघं बोलले नव्हते. मधे दादांची बायको गेली. अंत्यविधीचे तिन्ही दिवस बापलेक शेजारी शेजारी उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाकून नमस्कार करत होते. फुलं कुठे ठेवायची आणि गाडी किती वाजता येणार, एवढंच काय ते बोलणं झालं. मुलानं सांगितलेलं मात्र दादांनी शब्दशः पाळलं. अख्ख्या स्टेडियममध्ये ताए-रिमला कधीच दिसणार नाही अशी एकच जागा होती. त्याच्या पाठीमागे, वर.

"तो झेलतो ना, तो आवाज," दादा म्हणाले. "बाकीच्यांचा आवाज फुटका येतो. ह्याचा भरीव येतो. डोळे मिटून ओळखेन मी."

धुकं विरलं, खेळ सुरू झाला आणि त्यांनी रेडिओची वायर पुन्हा एका कानात खोचली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यातली गोष्ट. एक नवखा फेकणारा हात मोकळा करत होता. जोर भरपूर, ताबा नाही. एक चेंडू झेलणाऱ्याच्या पुढ्यात आपटला, वेडावाकडा उसळला आणि ताए-रिमच्या हातमोजा नसलेल्या उजव्या हाताच्या बोटांवर बसला. तो हात पोटाशी धरून खाली वाकला. माझ्या शेजारची खुर्ची खाडकन मिटली.

"उजवा हात मागे! किती वेळा सांगितलंय तुला!"

आवाज असा की खालच्या ओळीतली माणसं चमकून वर बघायला लागली. बोन-मानदादा कठड्याला धरून उभे होते. मग जे केलं ते त्यांच्या लक्षात आलं. टोपी आणखी खाली ओढत ते बसले.

खाली ताए-रिम तसाच वाकलेला. मागे वळला नाही. बोटं झटकली, मुखवटा सरळ केला, पुन्हा उकिडवा बसला आणि उजवा हात पाठीमागे नेला. नवख्याला म्हणाला, "टाक."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाचा फोन आला. हे दादांनी मला नंतर सांगितलं. फोनवर नाव बघून ते उभेच राहिले म्हणे.

"बाबा."

"हं."

"बोट मोडलेलं नाही."

"बरं."

"तिथून काही दिसत नाही तुम्हाला. होम प्लेटमागे तुमच्यासाठी एक जागा सांगून ठेवलीय, हंगाम संपेपर्यंत. तिथे बसत जा."

म्हणजे ते कुठे बसतात हे त्याला माहीत होतं. कधीपासून, ते दादांनी विचारलं नाही. त्यानं सांगितलं नाही.

माझ्या शेजारची खुर्ची मोकळी झाली. मला त्यांच्यासाठी आनंदच वाटायला हवा होता. होम प्लेटमागची जागा म्हणजे लोक जिच्यासाठी वशिले लावतात अशी. गादीची खुर्ची, समोर अख्खं मैदान, टोपलीभर तळलेली कोंबडी घेऊन बसलेले कंपन्यांचे साहेब. पण मधल्या वेळात मी पाय मोकळे करत तिकडे गेले की दादा त्या गर्दीत चुकून उतरलेल्या प्रवाशासारखे दिसायचे. पाठ टेकलेली नसायची. रेडिओही आणायचे नाहीत, सगळं समोर दिसत असताना रेडिओ कशाला. आणि बुलपेन तिथून दिसत नाही, ऐकू तर मुळीच येत नाही.

एकदा मी म्हटलं, "परत या की. खांब तुमची आठवण काढतोय."

"त्यानं दिलेली जागा आहे, ताई. रिकामी दिसली तर त्याला काय वाटेल?"

"त्याला कुठे दिसते तिथून?"

"नसेल दिसत," ते म्हणाले. मी निघताना म्हणाले, "जवळ बोलावलंय की लांब बसवलंय, तेच समजत नाही."

हंगामाच्या शेवटी शेवटी एका शनिवारी मी खानावळ लवकर बंद केली आणि दादांसाठी रस्सा घेऊन गेले. दरवाजे नुकतेच उघडले होते. होम प्लेटमागच्या जिन्याच्या तोंडाशी पोहोचले आणि थांबले. ताए-रिम वर आला होता. पायांवरची कवचं तशीच, केस घामानं चिकटलेले. मधे एक खुर्ची सोडून तो बापाच्या रांगेत बसला होता. इतकी वर्षं मी त्याची पाठच पाहिली होती. तोंडावरून चाळिशीकडे झुकलेला वाटला.

तो मैदानाकडे बघत होता. "इथून एवढं मोठं दिसतं होय?"

"तू कधी बसला नाहीस इथे?"

"मी कधी बसणार? खाली कुंपण दिसतं आणि फेकणाऱ्याचा हात. सामना मी आवाजावरूनच ओळखतो."

बोन-मानदादांनी तोंड उघडलं. मला वाटलं आता सांगतील, मीही दहा वर्षं तसाच ओळखत आलोय. पण ते म्हणाले, "जेवलास का?"

"हो."

आणखी थोडा वेळ दोघं तसेच बसले. खाली माळी पायपानं माती भिजवत होता, त्याच्याकडे बघत. मग ताए-रिम उठला, वाकला आणि कवचं खडखडवत जिना उतरून गेला. मी बाजूला सरले. त्यानं मलाही मान लववली.

तो पुन्हा वर आला नाही. हंगाम संपला.

हिवाळ्यात दादा मधूनमधून माझ्याकडे जेवायला येत. एकदा वाटीत चमचा फिरवत म्हणाले, त्याला एक वाक्य सांगायचं राहून गेलं. चांगला झेलतोस, एवढंच. मी म्हटलं, मग आज सांगा, फोन आहे की खिशात. म्हणाले, सामने सुरू झाले की बघू.

मार्चअखेर सामने सुरू झाले. त्याच गादीच्या खुर्चीवर ते पुन्हा बसलेले दिसले. मुलानं यंदाही जागा राखली होती. मी जवळ जाऊन विचारलं, सांगितलंत का?

"रविवारी फोन करतो तो. जेवलात का विचारतो. मी हो म्हणतो."

"मग?"

"मग फोन ठेवतो."

मी आणलेला डबा त्यांनी मांडीवर घेतला आणि झाकण उघडलं. शेजारचे साहेब अजून आले नव्हते, म्हणून पहिला डाव मी तिथेच बसून पाहिला.