दोन आकडे जुळले की

चिपवर अंगठा दाबून धरायचा आणि मान वळवून स्क्रीनकडे बघायचं, ही काकांची सवय. आमच्या मानपाड्याच्या कारखान्यात बोर्ड तपासायला चांगली यंत्रं होती, पण अंगठा लावल्याशिवाय काका बोर्ड पुढे सोडत नसत. ते आमचे डिझाइनचे प्रमुख. निवृत्त झालेले, पण मालक दरवर्षी मुदत वाढवून द्यायचे. तपासणीत दोन आकडे तंतोतंत जुळले की आम्ही खूश व्हायचो आणि काका म्हणायचे, "फारच एकमत दिसतंय. मला काळजी वाटते."

हे सगळीकडेच चालायचं. एकदा पिकनिकची जागा सगळ्यांनी पटकन मान्य केली, तर काकांनी एकेकाला बाजूला घेऊन पुन्हा विचारलं. निम्म्यांना यायचंच नव्हतं. पिकनिक बारगळली आणि आम्ही त्यांच्यावर फुगून बसलो. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेलच, चालत्या गाड्याला खीळ घालणारा.

नवजात बाळांना उबेत ठेवायची पेटी तुम्ही हॉस्पिटलात पाहिली असेल. तिचे बोर्ड आम्ही बनवत होतो. त्यात तापमान मोजणाऱ्या दोन चिप, एक बाळाच्या अंगाला लावायची, दुसरी पेटीतल्या हवेसाठी. दोघींचं बोलणं एकाच तारेवरून चालतं, म्हणून प्रत्येकीला वेगळा पत्ता द्यावा लागतो. पत्ता पुकारला की ज्या चिपचा तो असेल तिने उत्तर द्यायचं.

काका मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजेवर असताना हा माल तयार झाला. ते परत आले तेव्हा खोकी बांधून झाली होती आणि खाली टेम्पो उभा होता. तपासणीच्या टेबलावर मीच होते. दोन्ही चिपचे आकडे छान जुळतात, असं मी कौतुकाने सांगितलं. काकांनी एक खोकं उघडायला लावलं, त्यातला बोर्ड टेबलावरच्या यंत्राला जोडला आणि एका चिपवर अंगठा ठेवला.

अंगठ्याच्या उबेने त्या चिपचा एकच आकडा वाढायला हवा होता. दोन्ही बदलले, तेही एकदम, आणि वर जायच्या ऐवजी भलतीकडेच गेले. घाईत दोन्ही चिपना एकच पत्ता दिला गेला होता. एका हाकेला दोघी ओ देत होत्या आणि त्यांच्या उत्तरांची खिचडी होत होती. टेबलावर दोघी एकाच हवेत, म्हणून उत्तरही एकच. कुणाला शंका आली नाही.

मालक वर आले. वयाने काकांच्या मुलाएवढे.

"काका, टेबलावर तर मस्त चाललंय ना? हा लॉट जाऊ द्या, पुढच्यात बघू."

"टेबलावर बाळ नाहीये," काका म्हणाले. "मी सही करणार नाही."

ते शांतपणे बोलले. मुदतवाढीचा महिना जवळ आला होता, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यांनाही. टेम्पो रिकामा गेला. सगळे बोर्ड पुन्हा बनले, ऑर्डर उशिरा पोचली आणि हॉस्पिटलवाल्यांनी मालकांना चार शब्द सुनावले.

त्या वर्षी काकांना मुदतवाढ मिळाली नाही. त्यांनी कुणाजवळ तक्रार केली नाही. निघताना मला फक्त म्हणाले, तब्येतीला जप. मला रडू आवरलं नाही.

त्यांच्या जागी कुणी आलं नाही. आता आमचा माल अगदी वेळेवर जातो. मालक खूश आहेत, हॉस्पिटलवालेही खूश आहेत, आणि प्रत्येक टेम्पो गेटबाहेर पडताना मला काकांचं ते 'फारच एकमत दिसतंय' आठवतं.