मावशीचं ‘छान’

माझी मावशी रफू करते. इस्त्रीने जळलेली पॅंट, उंदराने कुरतडलेली शाल, खिळ्याला अडकून फाटलेला कोट, जे येईल ते खिडकीजवळच्या टेबलावर पडतं आणि चार दिवसांनी भोक कुठे होतं ते गिऱ्हाइकालाच सापडत नाही. तीन वर्षांची असताना तापात तिचे दोन्ही कान गेले. लोक तिच्याशी ओरडून बोलतात. त्याचा तिला काडीचा उपयोग नसतो, पण ती मान डोलावते, अंगठ्याला पहिलं बोट जुळवते आणि ‘छान’ची खूण करते. वेळ मारून नेण्याची तिची ही जुनी युक्ती. गिऱ्हाईक खूश, ती मोकळी.

ज्याच्यापुढे हे नाटक तिला कधीच करावं लागलं नाही असं एकच माणूस, तिची लेक. उंचीने बेताची म्हणून आम्ही तिला टिल्ली म्हणतो. टिल्लीला ऐकू येतं, पण तोंडाने बोलायच्या आधी ती हातांनी बोलायला शिकली. मायलेकी भांडायला लागल्या की घरात चिडीचूप असायचं आणि मी हातातलं काम सोडून बघत राहायचे. माझी स्वतःची खुणांची भाषा पाहुण्यांपुरती. चहा, पाणी, ये, बस, याच्या पुढे गाडी अडखळते. मी वरच्या मजल्यावर राहते, शाळेत गणित शिकवते आणि राग माझ्या नाकावर असतो, हे आत्ताच सांगून टाकते.

टिल्ली समुद्राची खोली मोजणाऱ्या जहाजावर नोकरीला आहे. जहाज बंदराला लागलं की तासाभरापुरतं नेट मिळतं. तिथे निवांत बोलायला उसंत नसते, म्हणून ती आधीच रेकॉर्ड केलेला लांबलचक व्हिडिओ पाठवते. तो मी पेन ड्राइव्हवर घालून मावशीला देते आणि मावशीचं उत्तर माझ्या फोनवर रेकॉर्ड करून पाठवते. चार महिन्यांपूर्वी टिल्लीने हौसेने नवा कॅमेरा घेतला. “आता आईला माझं नखसुद्धा दिसेल,” असं तिने मला कळवलं होतं.

शनिवारी सकाळी मी कात्री परत करायला खाली गेले, तेव्हा मावशी कॉम्प्युटरपुढे बसली होती. पडद्यावर टिल्ली होती. चेहरा खरंच इतका स्पष्ट की गालावरचा तीळसुद्धा दिसावा. पण छातीपाशी असलेले तिचे हात एकदम कपाळापाशी गेले, मधलं काही दिसलंच नाही. मग चित्र थिजलं, पुन्हा उडी मारून पुढे गेलं. मावशी तेवढाच तुकडा परत परत मागे नेऊन पाहत होती. शेजारी कामाची वही उघडी होती. त्यात ‘जहाज’, ‘तू’, ‘घर’ असे सुटे शब्द आणि मध्ये नुसत्या रिकाम्या जागा.

“हे असं कधीपासून?” मी हातवारे करत विचारलं.

तिने चार बोटं दाखवली.

“चार महिने? आणि दर वेळी तू तिला ‘छान, छान’ म्हणून सांगत होतीस, ते कशाला?”

“तिने एवढ्या हौसेने कॅमेरा घेतला. तुटतं म्हणून कसं सांगू?” मला कळावं म्हणून ती अर्धं खुणांनी, अर्धं वहीत लिहून सांगत होती. “या वेळी तिने शेवटी काहीतरी विचारलं. दोनदा विचारलं. चेहरा रडवेला होता. मी ‘हो, छान’ म्हटलं. मी कशाला हो म्हटलं गं?”

ते ‘हो, छान’ मागच्या आठवड्यात मीच रेकॉर्ड केलं होतं, एक डोळा घड्याळावर ठेवून. टिल्लीला ते मिळून जहाज पुन्हा समुद्रात गेलं होतं. पुढचं बंदर सोमवारी. माझ्या जुन्या फोनवर तो व्हिडिओ लावून पाहिला, तर उघडायलाच तयार होईना.

रविवारी सकाळी दुरुस्तीवाले आले. मोठी बॅग घेऊन फिरतात म्हणून सगळे त्यांना डॉक्टर म्हणतात. त्यांनी पंख्यात साचलेली धूळ काढली, व्हिडिओ पेन ड्राइव्हवरून कॉम्प्युटरमध्ये घेतला, उगाच चालू असलेले प्रोग्रॅम बंद केले, नवा प्लेअर टाकला. हातांच्या उड्या काही थांबल्या नाहीत.

“त्याचं काय आहे ताई,” ते पडद्याकडे तोंड करून म्हणाले, “मशीन म्हातारं झालंय. हा व्हिडिओ नव्या पद्धतीने ठासून भरलेला आहे. तो उलगडता उलगडता याला धाप लागते. मग ते मधली मधली चित्रं टाकून देतं आणि आवाज गाठायला पुढे पळतं.”

“हे तिच्याकडे बघून बोला,” मी ताडकन म्हणाले. “तिला तुमचे ओठ दिसले पाहिजेत. कॉम्प्युटरला कळून काय उपयोग?”

बिचारे ओशाळले. खुर्ची फिरवून त्यांनी मावशीला सगळं पहिल्यापासून सावकाश सांगितलं. मग या मशीनला झेपेल अशी व्हिडिओची दुसरी प्रत करायला घेतली. तासाभराने ती लावली.

“ऐका, जहाजाच्या इंजिनाची घरघर कशी सलग येतेय. कुठे खंड नाही!”

मावशीने डॉक्टरांकडे पाहिलं. अंगठ्याला पहिलं बोट जुळलं. छान.

एरवी मीही फसले असते. “मावशी,” मी तिचा हात धरला, “खरं सांग.”

तिने हात सोडवून घेतला. वही ओढून लिहिलं: ‘अजून तुटतं.’

“अहो, कुठे तुटतंय? आवाज तर...” डॉक्टर बोलता बोलता थांबले. तोंडावर हात ठेवून खाली बसले. “मी कानांनी तपासत होतो,” ते म्हणाले, आणि या वेळी मावशीकडे बघूनच म्हणाले. “चित्र मोठं आणि स्वच्छ राहावं म्हणून दर चार चित्रांतली तीन मीच गाळली. पाहणाऱ्याला चित्र मोठंच हवं, असं धरून चाललो.”

मावशीने टोपलीतून तलम कापडाचा एक तुकडा काढला आणि सुईने त्यातले चार धागे ओढून टाकले. मग शेजारी गोणपाटासारखा जाडाभरडा तुकडा ठेवला, अखंड. डॉक्टरांच्या पुढ्यात तिने तो जाडाभरडा सरकवला.

“म्हणजे चित्र लहान चालेल,” डॉक्टर हळूच म्हणाले, “पण एकही गाळायचं नाही.”

तिने एकदाच होकाराची मान हलवली. गिऱ्हाइकांपुढे डोलावते तशी नव्हे.

नवी प्रत व्हायला दुपार झाली. डॉक्टर घरी गेले नाहीत, जेवायलासुद्धा. प्रत लावली तेव्हा टिल्लीच्या गालावरचा तीळ दिसेनासा झाला होता, पण हात वाहत होते. मला त्यातलं फारसं समजलं नाही. मी मावशीकडे बघत होते. शेवटाकडे तिच्या मांडीवरचे हात एकमेकांना घट्ट धरून बसले.

नंतर तिने मला माझ्या पाहुण्यांपुरत्या भाषेत, अडलं तिथे वहीत लिहून सांगितलं. टिल्लीने विचारलं होतं, “आई, चार महिने झाले, तू मला नुसतं ‘छान’ म्हणतेस. बाहेरच्यांना तू असं म्हणतेस, मला माहीत नाही का? मी पण बाहेरची झाले का?”

आणि त्यावर आईचं उत्तर गेलं होतं, हो, छान.

डॉक्टरांनी बॅग उचलली आणि ते निघून गेले. मी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं. मावशी खिडकीपाशी उजेडात उभी राहिली. मी फोन धरला. वीस मिनिटं तिचे हात चालत होते, माझे दुखायला लागले, तिचे थांबेनात. ते सगळं त्या दोघींचं होतं आणि मला कळलंही नाही.

पहिलं वाक्य तेवढं मला कळलं. “मला काहीच कळलं नव्हतं. पुन्हा सांग.” इतक्या वर्षांत हे वाक्य मी तिच्या हातांत पहिल्यांदाच पाहिलं.