ऊठ म्हटल्यावर

धुळा मेंढरांमागं चालून चालून तीस वर्षांचा झाला, तोवर राहण्याच्या जागेसाठी त्यानं कुणाला छदाम दिला नव्हता. आटपाडीकडचा धनगर तो. त्यांचा वाडा, म्हणजे फिरता तळ, कुणाच्या तरी रानात उतरायचा. मेंढरं बसली की रानाला खत मिळायचं आणि रानाचा मालकच वर धान्य मोजून द्यायचा. दुसऱ्याच्या जागेत राहावं आणि त्यानंच आपल्याला द्यावं, जगाची रीत त्याला एवढीच ठाऊक.

त्रेचाळीस साली रोगानं कळप गेला आणि धुळा सांगलीच्या पेठेत हळदीची पोती उचलायला आला. झोपायला वखारीचा ओटा होता. एकट्या गड्याला ओटा पुष्कळ झाला. पण त्याची बायको हरणाबाई तासगावच्या बाजूला भावाच्या वाड्याबरोबर चालत होती, आणि तिला दिवस गेले होते. आधीची दोन्ही बाळंतपणं रानात झाली, एक पावसात, एक थंडीत. दोन्ही लेकरं रानातच पुरून वाडा पुढं गेला. वाडा कुणासाठी थांबत नाही. दुसऱ्या वेळी हरणाबाई कितीतरी लांबवर मान मागं वळवून चालत राहिली होती. ते बघून धुळाच्या काळजाचं पाणी झालं आणि त्यानं खंडोबाची आण घेतली, की तिसरं छपराखालीच होईल. पौषाला आता महिना उरला होता आणि छपराचा पत्ता नव्हता.

लढाईचे दिवस. शहरात माणूस मावत नव्हता आणि खोलीवाल्यांना माज आला होता. पहिल्याच दारात धुळानं हसं करून घेतलं. गावभागातल्या नानासोंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "खोली आहे, पण भाड्याचं काय?"

"तुमच्या मनाला यील ते द्या की," धुळा म्हणाला.

नानासोंनी हसत हसत बायकोला बाहेर बोलावलं आणि त्याला पुन्हा तेच म्हणायला लावलं. तिथं खोली मिळणार नव्हतीच. धुळा एक गोष्ट मात्र शिकला, की शहरात राहणाऱ्यानंच द्यायचं असतं.

दुसरी खोड काही जाईना. रानात जागा मागताना धनगर सगळी मोजदाद सांगतो. मेंढरं किती, घोडी किती, कुत्री किती, अवघडलेल्या बाया किती. मागाहून मालकानं "हे लपवलंस" म्हणू नये. तेव्हा दर दारात धुळा सरळ सांगून मोकळा व्हायचा, "आमी दोघं. तिसरं पौषात येनार. कुत्रं मेव्हन्याकडं ठिवतो."

की दार लागलंच. बाळंतपण आमच्यात नको, सोयर कोण पाळणार, घरात देव आहेत. रामनवमीला देवाचा पाळणा हलवायला हीच माणसं पुढं! धुळाला एवढं बोलायचं सुचत नसे. तो "बरं" म्हणायचा आणि पुढच्या गल्लीत वळायचा. दिवसभर पोती, संध्याकाळी दारं. पोत्यांनी पाठ मोडत होती, दारांनी माणूस मोडत होता.

बरोबरचा हमाल केरबा एक दिवस चिडला. "गड्या, एवढी जंत्री सांगतूस कशाला? येकटा हाय म्हन की!"

"जागा मागताना लबाडी करायची?"

"मग पोरगं हुईल वढ्यात," केरबा म्हणाला आणि लगेच जीभ चावली. धुळानं पुढचं पोतं पाठीवर घेतलं.

हरिपूरच्या वाटेवर मनुबाई राहायची. हळद निवडून पोट भरणारी विधवा बाई, तोंडानं फटकळ. तिच्या घराला लागून पत्र्याची एक पडवी रिकामी होती. "कोन कोन?" तिनं विचारलं.

"येकटाच," धुळा म्हणाला. पडवी मिळाली.

चार दिवसांनी तासगावहून हळद घेऊन येणाऱ्या गाडीतून त्यानं हरणाबाईला आणलं. पोतं बाजूला करून बसवलेली, गाठोडं मांडीवर. बाहेर थांब, आधी मी बोलतो, हे तिला सांगायचं त्यानं वाटभर मनात घोळवलं, पण लाजेनं त्याच्या तोंडून निघालं नाही. आपण खोटं बोललो हे बायकोला कुठल्या तोंडानं सांगावं?

हरणाबाई उतरली ती थेट मनुबाईच्या दारात गेली. जागामालकाला रामराम करून मोजदाद द्यायची, आईनं तिला हेच शिकवलं होतं. "मावशी, आमी दोघं. तिसरं पौषात. येक गाठूडं, येक घोंगडं. दुसरं काय न्हाई."

मनुबाईनं सूप खाली ठेवलं. आधी तिच्या पोटाकडं बघितलं, मग धुळाकडं. "येकटा हाय म्हनला व्हतास न्हवं? लबाड कुठला! उठा हितनं."

ऊठ म्हटल्यावर धनगर उठतो. मालकाशी हुज्जत घालत नाही, रान त्याचं असतं. गुडघ्यावर हात टेकून हरणाबाई वाकली आणि गाठोडं उचललं.

धुळा पडवीच्या उंबऱ्यावर बसला होता. त्याला उठायचं होतं, पण अंगात बळच उरलं नव्हतं. इतक्या दारांतून तो उठून आला होता की आता त्याला सगळ्याचा वीट आला होता.

"मी उठत न्हाई," तो म्हणाला.

हरणाबाई हबकली. मालकाला असं उत्तर दिलेलं तिनं जन्मात ऐकलं नव्हतं.

"मावशी, लबाड बोललो, चुकलं माजं. पायतानानं मारा. पर दोन लेकरं रानात पुरून उठलो. आता उठवत न्हाई."

मनुबाई सूप उचलत खेकसली, "तू बस तितंच, मुडद्या. तिला आत घे आदी, वारं सुटलंय."

हरणाबाई आत गेली. गाठोडं मात्र तिनं सोडलं नाही. भिंतीला टेकून ते पोटाशी धरून बसली आणि सवयीनं विचारलं, "आवं, हितनं उठायचं कवा?"

धुळानं पटक्याच्या शेवानं डोळे पुसले, आणि शेव हळदीनं माखलेला असल्यामुळं ते आणखीच चुरचुरले.